सुरत, व्हॅलेंटाइन आणि महाराजांचं चित्र: त्या फॉरवर्डमधल्या एकेका वाक्याला उत्तर

शिवजयंती जवळ आली की एक फोटो आणि त्याखाली एक मेसेज फिरायला लागतो, यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या शाळेच्या बॅचचा. फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे, महाराजांचा एका बाजूने दिसणारा चेहरा, धारदार नाक, खाली निमुळती होत गेलेली दाढी, पगडीवर तुरा. आणि खालचा मजकूर थोडक्यात असा, की १६६४ मध्ये सुरतेत डच गव्हर्नर व्हॅलेंटाइन याने महाराजांची भेट घेतली, आपल्या डच चित्रकाराकडून महाराजांना समोर बसवून हे चित्र काढून घेतलं, हे महाराजांचं जगातलं एकमेव अस्सल चित्र आहे, गोऱ्यांनी ते तीनशे वर्षं लपवून ठेवलं होतं आणि बाकीची सगळी चित्रं खोटी आहेत.

या चित्रावर माझा फार जीव आहे म्हणूनच लिहितेय. चित्र मोलाचं आहे, पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे आणि उद्या कोणी बाहेरच्याने एक तारीख काढून दाखवली की चित्रावरच शंका घेतली जाईल, ते मला नको आहे.

आधी व्हॅलेंटाइन, कारण तिथेच सगळं कोसळतं. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा जन्म एप्रिल १६६६ चा, हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्ट गावचा. महाराज सुरतेवर आले ते जानेवारी १६६४ मध्ये. म्हणजे ज्या माणसाने महाराजांची भेट घेतली असं आपण सांगतोय तो तेव्हा जन्मालासुद्धा आलेला नव्हता, आणि पुढेही तो सुरतेचा गव्हर्नर कधी झाला नाही, तो पाद्री होता, डच कंपनीच्या नोकरीत त्याची बरीच वर्षं अंबोन बेटावर गेली, म्हणजे आत्ताच्या इंडोनेशियात. १६६४ ला सुरतेच्या डच वखारीचा मुख्य होता डर्क व्हान आड्रिखेम, हे नाव त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

मग व्हॅलेंटाइनचं नाव आलं कुठून? त्याने म्हातारपणी डच लोकांच्या पूर्वेकडच्या व्यापाराबद्दल आणि मुलखांबद्दल एक अवाढव्य ग्रंथ लिहिला, पाच भागांत, १७२४ ते १७२६ मध्ये छापलेला, आणि त्यात हिंदुस्थानातल्या राजेलोकांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली, त्यात महाराजांचं एक. म्हणजे तो पुस्तकवाला आहे. आपल्याकडे कधीतरी पुस्तकवाल्याचा गव्हर्नर झाला, मग गव्हर्नर आहे तर भेट झाली असणार, भेट झाली तर सुरतेतच झाली असणार, असं एकावर एक चढत गेलं असावं.

आणि सुरतेचे ते दिवस जरा डोळ्यासमोर आणा. ६ जानेवारीला महाराज शहराबाहेर येऊन उतरले आणि १० तारखेला निघाले. मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला, इंग्रज आणि डच आपापल्या वखारींचे दरवाजे लावून बंदुका घेऊन आत. इनायतखानाने बोलणी करायच्या नावाखाली एक तरुण पाठवला आणि त्याने थेट खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली, अंगरक्षकाने त्याचा हात तोडला तरी तो झेपेच्या जोरात महाराजांच्या अंगावर जाऊन पडला. अशा छावणीत कोणी परका माणूस रंगाच्या वाट्या मांडून महाराजांना "जरा स्थिर बसा" म्हणत होता हे मला तरी पटत नाही.

आता "डच चित्रकार". यासाठी कागदपत्रं शोधायलाच नकोत, चित्राकडे बघितलं तरी पुरे. १६६४ ला ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रां जिवंत होता, म्हणजे त्या काळचा डच चित्रकार माणसाचा चेहरा कसा काढायचा ते आपल्याला नीट माहीत आहे, चेहरा थोडा वळलेला, एका बाजूने उजेड, दुसरी बाजू सावलीत, गालावरची सुरकुती, डोळ्यातलं पाणी. आपल्या चित्रात यातलं काही नाही, चेहरा पूर्ण एका बाजूला, सावली जवळजवळ नाही, सगळा जोर बारीक रेषेवर, अंगरखा सपाट रंगाचा. ही दख्खनी कलम, म्हणजे दख्खनी चित्रशैली आहे आणि ती गोवळकोंड्याची आहे. चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे ते खरं, पण ते ज्या संचातून आलं तो संच निकोलास विटसन नावाच्या ॲमस्टरडॅमच्या महापौराच्या संग्रहातला. एकूण ४९ चित्रं, साधारण १६८६ च्या सुमाराची, मुघल बादशहा, कुतुबशाही, आदिलशाही, त्यांचे सरदार आणि त्यात महाराज. मालक डच, हात आपल्याकडच्या कारागिराचा. त्या कारागिराचं नाव आपल्या हाती नाही, पण म्हणून त्याचं श्रेय उचलून एका न झालेल्या डच माणसाला द्यायचं हे मला फार लागतं.

"समोर बसवून" हा शब्द सगळ्यात जास्त जणांना प्रिय आहे, त्यामुळे इथे जरा थांबते.

गोवळकोंड्याला आणि मछलीपट्टणला डच, इंग्रज, फ्रेंच सगळ्यांचे व्यापारी होते आणि त्यांना घरी न्यायला हिंदुस्थानच्या राजांचे चेहरे हवे असायचे, सुटे नाही तर संचच्या संच. तशी चित्रं तिथल्या कारखान्यांत तयार व्हायची आणि काम नकलेवरच चालायचं. पद्धत अशी, की हरणाचं कातडं घासून घासून इतकं पातळ करायचं की आरपार दिसेल, त्याला चर्बा म्हणतात, तो जुन्या चित्रावर ठेवून रेषा उतरवायची, मग त्या रेषेवर सुईने टोचत जायचं, भोकाला लागून भोक. तो चर्बा कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि कोळशाची पूड भरलेली कापडाची पुरचुंडी वरून हलक्या हाताने आपटायची. चर्बा उचलला की खाली कागदावर काळ्या ठिपक्यांचं नाक, ठिपक्यांची दाढी, ठिपक्यांची पगडी. ते ठिपके ब्रशने जोडायचे आणि रंग भरायचे. चर्बा उलटा ठेवला की तोच चेहरा दुसरीकडे बघतो. एका चर्ब्यातून कितीही चित्रं, आणि अंगरख्याचा रंग, हातातली वस्तू, पट्ट्याची नक्षी कारागीर त्याला वाटेल तशी बदलायचा.

आणि याच संचांमध्ये अकबर असतो, जहांगीर असतो. अकबर वारला १६०५ ला. १६८० च्या दशकात त्याला कोणी समोर बसवणार होतं का? नाही ना, मग त्याच संचातलं महाराजांचं चित्र तेवढं समोर बसवून काढलेलं, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला, विटसनचा संच त्यानंतरचा. म्हणजे आपल्या हातात आहे ती नक्कल, आणि ही शिवी नाही. नक्कल म्हणजे तिच्याआधी एक मूळ होतं, कोणीतरी कधीतरी महाराजांना बघितलं होतं आणि रेषेत पकडलं होतं. १६७७ ला महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीला गेले होते आणि तिथे बरेच दिवस राहिले होते, मादण्णा-आकण्णा या कुतुबशाहीच्या कारभाऱ्यांचा तो काळ, चित्रकारांचं ते घरच. मूळ रेखाटन तेव्हाचं असेल हा अंदाज मला पटतो, पण तो अंदाज आहे हे मी अंदाज म्हणूनच सांगणार.

"एकमेव" तर अजिबात नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दख्खनी राजांच्या संचातलं एक आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मनुची या इटालियन प्रवाशाने करून घेतलेल्या संचात महाराज घोड्यावर आहेत आणि बरोबर पायदळ चाललंय, ते चित्र मीर मुहंमद या चित्रकाराचं. आणि मनुची हा माणूस मिर्झाराजांच्या छावणीत १६६५ ला होता, महाराजांशी आपण बोललो असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय, त्यामुळे भेट झालेला युरोपियन हवाच असेल तर तो इथे आहे, व्हॅलेंटाइनपाशी नाही.

एक संध्याकाळ मी ॲमस्टरडॅमचं आणि लंडनचं अशी दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवून बघत बसले. कपडे सोडून द्या, रंग सोडून द्या, फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंतची कडेची रेषा बघा, नाक जिथे खाली वळतं ती जागा, कल्ल्यापासून दाढी जशी पुढे येते ती. माणूस एकच आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फॉरवर्डवाल्यांनी एकमेव म्हणून एका चित्राला चिकटण्यापेक्षा हे बघायला हवं होतं, कारण खरा आधार इथे आहे.

"गोऱ्यांनी लपवून ठेवलं" याला उत्तर छोटं आहे. १७२० च्या दशकात छापून विकलेल्या पुस्तकातलं चित्र लपवलेलं कसं? राइक्सम्युझियमने तर त्यांच्याकडचं चित्र साइटवर टाकलंय, कोणीही मोठं करून बघावं. ते आपल्यापर्यंत आलं नव्हतं आणि आणलं वा. सी. बेंद्रे यांनी, १९३३ मध्ये, जुनी परदेशी कागदपत्रं चाळत बसून. त्याआधी मनुचीच्या ग्रंथातलं इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून आपल्याकडे छापलं जात होतं, आणि लोक त्याला हात जोडत होते. ही चूक एका मराठी संशोधकाने दुरुस्त केली, आणि त्याच दुरुस्तीचा मेसेज फिरतो तेव्हा त्यात न भेटलेल्या व्हॅलेंटाइनचं नाव असतं आणि बेंद्रेंचं नसतं. मला या सगळ्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त राग याचा येतो.

बाकीची चित्रं खोटी म्हणणंही बरोबर नाही. धुरंधरांनी किंवा रविवर्म्यांनी महाराज रंगवले ते श्रद्धेने आणि कल्पनेने, आम्ही बघून काढलं असा दावा त्यांचा नव्हताच. खोटं म्हणायचं तर हल्ली फिरतात ते "एआयने बनवलेला महाराजांचा खरा चेहरा" वाले फोटो, एका बाजूच्या रेषेवरून समोरचा चेहरा बनवतात, दुसरा डोळा, कपाळाची रुंदी, कातडीचा पोत सगळं मशीनने घातलेलं असतं.

आता उलट बाजूचेही लोक आहेत, बॅचच्या ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने लगेच विचारलं, "म्हणजे तू म्हणतेस हे महाराजांचं चित्रच नाही?" अरे बाबा, नाही. महाराज गेल्यानंतर सहा-सात वर्षांच्या आतली चित्रं, वेगवेगळ्या संचांत, वेगवेगळ्या शहरांत गेलेली, आणि सगळ्यांत चेहरा तोच, एवढं हाती लागतं हे काही थोडं नाही. शिवाय त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलेलं वर्णन आहे. १६६६ ला आग्र्याहून लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत महाराज अंगाने लहानसर आणि वर्णाने गोरे असे आहेत. फ्रेंच प्रवासी तेवनो त्याच वर्षी सुरतेत होता, तो म्हणतो बांधा लहान, वर्ण सावळा, डोळे तेज. गोरे की सावळे यावर दोघांचं जमत नाही, त्यामुळे चित्रातल्या रंगावरून वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही, कारागिराने भरलेला रंग तो.

आणि सुरतेचाच एक साक्षीदार आहे, मेसेजवाल्यांना खरं तर हाच वापरता आला असता. एस्कॅलियट म्हणून इंग्रज वखारीचा पाद्री होता, १६६४ च्या त्या चार दिवसांनंतर महिना संपायच्या आत त्याने विलायतेला पत्र लिहिलं. तो स्वतः वखारीत बंद होता, त्याने महाराजांना बघितलं नव्हतं, पण ज्यांनी बघितलं त्यांना विचारून त्याने लिहिलं, की उंची मध्यम, एस्कॅलियटपेक्षा जरा कमी, ताठ, बांधा प्रमाणशीर, नजर भेदक, आणि बोलायला लागले की हसल्यासारखे वाटतात. हे शेवटचं वाचल्यापासून मी ती चित्रं वेगळ्याच नजरेने बघते. नाक चर्ब्यातून उतरलं, दाढी उतरली, पगडीचा तुरा उतरला, आणि ओठ प्रत्येक चित्रात मिटलेले आहेत, कारण ज्या कारागिराने ठिपके जोडले त्याने महाराजांना बोलताना कधी बघितलंच नव्हतं.