बॉनेट थरथरतं म्हणून अंडरकव्हर काढू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: वेगात ग्रीलमधून शिरलेली हवा इंजिनाच्या कप्प्यात कोंडते आणि बॉनेट उचलून काचेवर फेकते. म्हणून समृद्धीवर जाण्याआधी इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून फट ठेवा. सोबत ल मांच्या शर्यतीत हवेत उडालेल्या मर्सिडीजचा व्हिडिओ. हे ऐकून लोक खरंच पाना हातात घेतात, म्हणून एकेक मुद्दा बघू.

‘कोंडलेली हवा बॉनेट उघडते.’ यातलं अर्धंच खरं आहे. ताशी १२० किमीला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो असतो. ८० ला तो ३० च्या आसपास. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून हवा वळते तिथे वरचा दाब घटतो, खाली ग्रीलमधून आलेल्या हवेचा वाढतो. या फरकाने सव्वा चौरस मीटरच्या बॉनेटवर वीसेक किलोची उचल येते असं धरा. पूर्ण बसलेलं लॉक याच्या कितीतरी पट ओढ सोसतं. उघडतं ते नीट न लागलेलं बॉनेट.

लॉकचे टप्पे दोन: मुख्य लॉक आणि सेफ्टी हुक. बॉनेट अलगद टेकवलं तर ते नुसत्या हुकवर राहतं, आणि वीस किलोचे धक्के तासभर खाणं हे हुकचं काम नाही. वीत-दीड वीत उंचीवरून बॉनेट सोडा, हाताने दाबू नका. पत्र्याला खळगा पडतो. मग पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढून बघा. बोटभरही हललं तर लॉक लागलेलं नाही.

लॉक लागूनही थरथरत असेल तर कोपऱ्यांवरचे रबरी बफर बघा. बफरवर कागदाची पट्टी ठेवून बॉनेट लावा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर ठीक. सहज सरकली तर बॉनेट लोंबतंय. बफर अर्धा-अर्धा फेरा वर काढा, दोन्ही बाजूंना सारखाच. जास्त वर काढलात तर बॉनेट मुख्य लॉकपर्यंत पोचणारच नाही, म्हणजे आगीतून फुफाट्यात. कडा घट्ट आणि मधलाच पत्रा लहरत असेल, तर आतल्या सांगाड्याला पत्रा चिकटवणारं मॅस्टिक सुटलेलं असतं. अपघातानंतर बदललेल्या किंवा ठोकून सरळ केलेल्या बॉनेटमध्ये हे हमखास दिसतं. लॉकमधला चिखल ब्रशने काढून लिथियम ग्रीस लावा आणि आतला खटका सोडल्यावर केबल पूर्ण मागे जाते का तेही तपासा.

‘अंडरकव्हर काढलं की हवा मोकळी होते.’ सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच. रेडिएटरमधून हवा वाहते ती पुढे दाब जास्त आणि गाडीखाली कमी असतो म्हणून. खालची हवा जितकी सरळ आणि वेगाने जाईल तितकी ती आतली गरम हवा ओढून घेते. कव्हर काढलं की तीच हवा गिअरबॉक्स, सबफ्रेम, सायलेन्सरचा पाइप यांवर आदळून घोळते आणि बाहेरची वाट तुंबते. ट्रॅफिकमध्ये तर पंख्याने फेकलेली गरम हवा बंपरखालून फिरून पुन्हा रेडिएटरपुढे येते. पावसाळ्यात बेल्ट आणि अल्टरनेटरवर पाणी, चिखल, खडी उडते ते वेगळंच.

अर्धवट सुटलेलं कव्हर मात्र काढलेल्यापेक्षा वाईट. पुढच्या कडेची दोन क्लिपं गेली की ती कड खाली लोंबते, हवा सुपासारखी पकडते आणि कव्हर फाटून चाकाखाली येतं. ऑइल बदलल्यावर मेकॅनिक ‘चार लावल्यात, चालेल’ म्हणाला तर चालवून घेऊ नका. सगळ्या क्लिपा बसवून घ्या. दहा नंबरचे बोल्ट टेकल्यावर पाव फेराच आवळा, नाहीतर प्लॅस्टिकचं भोक चिरतं.

‘मागे फट ठेवली की गरम हवा निघते.’ उभ्या गाडीत निघते, वेगात उलट होतं. पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो. केबिनसाठी ताजी हवा तिथूनच घेतात. १९६९ च्या शेवरोले कमॅरोचं काउल इंडक्शन बॉनेट याच दाबावर इंजिनाला हवा पुरवायचं. म्हणजे तुमच्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते, आणि सिग्नलला थांबलात की इंजिनाचा वास एसीत येतो. शिवाय वॉशर घातल्यावर बॉनेटचा कोन बदलतो आणि पुढे लॉकचा मेळ बिघडतो.

‘मर्सिडीजसारखी गाडी उडेल.’ १९९९ ची ती सीएलआर होती: सपाट तळ, चाकांपुढे लांब नाक, वेग ३०० च्या आसपास. चढावर नाक उचललं, तळाखाली हवा शिरली. १२० च्या तुलनेत ३०० ला हवेचा दाब सव्वासहा पट असतो. तुमच्या हॅचबॅकच्या बॉनेटशी त्याचा संबंध नाही.

आणि धावताना बॉनेट काचेवर आलंच, तर ब्रेक कचकन दाबू नका, मागून ट्रक असेल. हॅझर्ड लावा, सीटवर खाली वाकून बॉनेट आणि काचेच्या पायथ्यामधल्या फटीतून बघा. तिथून दिसलं नाही तर बाजूच्या खिडकीतून रस्त्याची पट्टी धरा. वेग हळूहळू उतरवत डाव्या शोल्डरला थांबा. नंतर दोरीने बांधून तसंच पुढे निघू नका. बिजागऱ्या वाकलेल्या असतात. टो करून न्या.