स्वीडनच्या वाट्याला उरलंसुरलं आलं नव्हतं

गेले काही दिवस एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 1983 साली व्हिडिओ गेमचा धंदा जगभर बुडाला. पुढे निन्टेन्डो या जपानी कंपनीने मोठे देश निवडून तो पुन्हा उभा केला. स्वीडनसारख्या चिमुकल्या देशांना उरलासुरला माल मिळाला, तोही उशिरा, आणि तिथला वितरक म्हणजे नुसता खोकी उतरवून घेणारा. शेवटी तात्पर्य काढलंय की भारतातही कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची खेळाची यंत्रं, रुजले नाहीत, कारण आपली बाजारपेठ तेव्हा किरकोळ होती.

मी स्वीडनमधल्या गॉथेनबर्गमध्ये राहतो. मजकुरातला तो ‘खोकी उतरवणारा’ वितरक म्हणजे बर्गसाला ही कंपनी, इथून लोकलने अर्ध्या तासावरच्या कुंग्सबाका गावातली. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवलं नाही.

1983 चं लवकर आटोपतो. धंदा बुडाला तो अमेरिकेत. तिथली दुकानं न खपलेल्या कॅसेटींनी भरून गेली होती, हे खरं. पण जपानमध्ये त्याच वर्षीच्या जुलैत निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल बाजारात आला, आणि युरोपातली मुलं स्पेक्ट्रम व कमोडोर 64 या घरगुती संगणकांवर मजेत खेळत होती. अमेरिकेचं दिवाळं म्हणजे जगाचं दिवाळं नव्हे.

आता ‘उशिरा’. फॅमिकॉमचं परदेशी रूप म्हणजे एनईएस. 1985 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये त्याची चाचणी-विक्री झाली आणि 1986 साली ते अमेरिकाभर मिळू लागलं. स्वीडनमध्ये ते आलं 1986 च्या सप्टेंबरात, म्हणजे त्याच वर्षी. ब्रिटन आणि इटलीची जबाबदारी मॅटेल या बड्या अमेरिकन खेळणी-कंपनीकडे होती; तिथे 1987 उजाडलं. 1981 मध्ये स्वीडनची लोकसंख्या होती सुमारे 83 लाख, आणि त्या वर्षीच्या जनगणनेत एकट्या मुंबईची 82 लाख. एवढ्याशा देशाला ब्रिटनच्या आधी यंत्र मिळालं, याला उशीर कसं म्हणायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. यंत्र लवकर आलं तरी खेळ रखडत येत. सुपर मारिओ ब्रदर्स 3 जपानमध्ये 1988 ला आला, युरोपात 1991 ला. तीन वर्षं! शिवाय जपानी टीव्हीचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलायचं, युरोपातल्या टीव्हीचं 50 वेळा; त्या 50 हर्ट्‌झमुळे बरेच खेळ मूळ वेगापेक्षा संथ चालत. पण हे लंडनच्या मुलांनीही तितकंच सोसलं. देशाच्या आकाराशी त्याचा काही संबंध नाही.

मजकुरातलं सगळ्यात चुकीचं वाक्य म्हणजे ‘निन्टेन्डोने देश निवडले’. स्वीडनला निन्टेन्डोने निवडलंच नव्हतं. 1981 साली बर्गसालाचे ओव्हे बर्गस्टेन धंद्याच्या कामाने सिंगापूरला गेले होते. तिथे त्यांच्या हाती ‘फायर’ नावाचा खिशात मावणारा खेळ पडला: जळत्या इमारतीतून माणसं उड्या मारतात, खाली दोन जवान झोळी धरून धावतात आणि प्रत्येकाला झेलायचं. निन्टेन्डोच्या गेम अँड वॉच मालिकेतला तो खेळ. युरोपात तेव्हा हे नावसुद्धा कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. बर्गस्टेननी निन्टेन्डोला टेलेक्स पाठवले, होकार येईना. मग हा माणूस सरळ क्योटोला, निन्टेन्डोच्या मुख्यालयी, जाऊन धडकला आणि स्वीडनची विक्री पदरात पाडून घेऊनच परतला. गेम अँड वॉच खपले, विश्वास बसला, आणि पाच वर्षांनी एनईएस आलं तेव्हा ते विकायला माणूस, दुकानं, ओळखी सगळं जागेवर तयार होतं. निन्टेन्डोने जर्मनीत स्वतःची युरोपीय कंपनी थाटली ती 1990 साली. तोवर स्वीडनमध्ये एनईएस येऊन चार वर्षं होत आली होती.

भारताबद्दलचं तात्पर्यही टिकत नाही. 1995 मध्ये शॉ वॉलेस या भारतीय कंपनीने सेगा या जपानी गेम कंपनीशी वितरणाचा करार केला. त्यामागे मोठं कारण होतं 80 टक्के आयात शुल्क चुकवण्याचं. तरीही सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलची किंमत ठेवली गेली 18,000 रुपये. त्या काळी एवढे पैसे खेळण्यावर घालणारी घरं किती? आपल्या घरांत फॅमिकॉमची नक्कल करणारे चायनीज डबे आणि ‘नाइन्टीनाइन इन वन’ची पिवळी कॅसेट आली ती यामुळे. हौस कमी नव्हती; वस्तू परवडत नव्हती.

राहिला वितरक. इथल्या जुन्या बाजारातून मी सुपर मारिओची कॅसेट घेतली आहे. करड्या प्लास्टिकची, कडेला ओरखडे. लेबलवरच्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी तीन अक्षरं: एससीएन, म्हणजे स्कँडिनेव्हिया, स्वीडन आणि शेजारचे देश. इतका छोटा प्रदेश, तरी त्याची स्वतःची खूण. ब्रिटनहून आलेल्या एका मित्राची कॅसेट माझ्या यंत्रात घालून पाहिली, तर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. यंत्रात आणि कॅसेटीत कुलपाची एकेक चिप असते आणि मॅटेलच्या प्रदेशाचं कुलूप वेगळं होतं. विक्रीची वाटणी अशी थेट चिपमध्ये कोरलेली. त्या वाटणीत बर्गसाला फक्त खोकी उतरवत असती, तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

सनसॉफ्ट या जपानी गेम कंपनीने 1992 च्या सुरुवातीला जपानमध्ये ‘गिमिक!’ हा खेळ काढला. हिरवा गोलमटोल नायक, डोक्यावर शिंग, आणि तारा फेकून त्याच्यावरच उडी मारून पुढे जायचं. फॅमिकॉमवर इतकं देखणं काम थोडंच झालंय. पण बाजार नव्या यंत्रांकडे वळला होता. अमेरिकेत तो आला नाही, युरोपात इतरत्र कुणी हात लावला नाही. बर्गसालाने घेतला आणि 1993 मध्ये ‘मिस्टर गिमिक’ नावाने फक्त स्कँडिनेव्हियात विकला. जपानी कॅसेटीत आवाजासाठी जादा चिप होती, ती इथल्या कॅसेटीत नाही, त्यामुळे संगीत थोडं हलकं वाटतं. पण खेळ पूर्ण आहे. आज त्या कॅसेटीसाठी संग्राहक अवाच्या सवा पैसे मोजतात. अमेरिकेतल्या मुलांना तो अधिकृतपणे विकत घेता आला तो 2023 साली, स्वीडनमधल्या मुलांनंतर तब्बल तीस वर्षांनी.