त्याला दुपार सोसत नाही

गेमिंग कॉम्प्युटर तयार विकत आणला असेल तर तो बिघडल्यावर दुकानदाराला शिव्या देता येतात. घरी जोडलेला असला की ती सोय नाही. प्रोसेसरवाला म्हणतो मदरबोर्ड बघा, मदरबोर्डवाला म्हणतो रॅम बघा, रॅमवाला म्हणतो एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बघा, आणि एसएमपीएसवाला फोन उचलत नाही.

माझा कॉम्प्युटर अमळनेरात जोडला गेला, आणि गावाला ते शोभून दिसतं असं माझं मत आहे. 1945 साली इथे वनस्पती तूप काढणारी कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. तेला-तुपातून कॉम्प्युटरकडे जायचा रस्ता गावाला माहीत आहे. मी तो खत-बियाण्यांच्या दुकानातून धरला, इतकंच. भाच्याने सुट्ट्या भागांची यादी केली, भाग मुंबईहून मागवले आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामा-भाच्यांनी सतरंजी अंथरून तो उभा केला. रायझन 5 5600 प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि खिशाला झेपेल ते ग्राफिक्स कार्ड. थंडीभर त्याने कुरकुर केली नाही. होळी झाली आणि त्याचं बिनसलं.

बिघाड दोन तऱ्हांचा होता. पहिल्या तऱ्हेत चित्र जागच्या जागी थिजायचं. गाडी वळणावर तिरकी, चाकामागची धूळ हवेतच, आणि स्पीकरमधून शेवटच्या क्षणाचा आवाज ‘ट्र्र्र्र्र’ असा अखंड. माऊस हलत नाही. कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा लागत नाही, म्हणजे आत कोणीच जागं नाही. दुसऱ्या तऱ्हेत असलं काही नाटक नव्हतं. पडदा काळा, पंखे गप्प, आणि दोन-चार सेकंदांनी आपणहून पुन्हा सुरू. चूक सांगणारा विंडोजचा निळा पडदा नाही, चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

विंडोजकडे चौकशी केली. इव्हेंट व्ह्यूअर ही त्याची नोंदवही उघडली तर लाल खुणेसकट एक नोंद: कर्नल-पॉवर 41. एवढा भारदस्त नंबर बघून मला धीर आला. तिचा अर्थ निघाला तो असा की कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद पडला. ते तर मी समोर बसून पाहिलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. पुण्याच्या चुलतभावाने प्रश्न पुरा ऐकायच्या आत सांगितलं, “फॉरमॅट मार.” तो आयटीत आहे आणि त्याच्याकडे दुसरं औषध नाही, त्याचं लग्न जुळत नव्हतं तेव्हा त्याला कोणी हा सल्ला दिला नाही याचं मला नवल वाटतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “नजर लागनी रे भाऊ त्याले. मंगयवारले मंगळग्रहना मंदिरमा जाई ये.” मंगळग्रहाचं मंदिर गावातच असल्यामुळे हा उपाय फॉरमॅटपेक्षा स्वस्त होता, म्हणून तो आधी केला. वडिलांचं म्हणणं वेगळंच. आमच्या घरामागून सुरत-भुसावळ लाईन जाते. नाना म्हणाले, “मालगाडी गेली का हा थांबतो. हादऱ्याने आतलं काहीतरी हलत असेल.” नाना पोस्टातून रिटायर झाले आहेत, नुसतं म्हणून ते थांबणारे नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी बारीक अक्षरात नोंदी सुरू केल्या: गाडी किती वाजता गेली, कॉम्प्युटर किती वाजता पडला.

दुकानात गिऱ्हाइकांना कळल्यावर तर विचारूच नका. वर्षानुवर्षं जे माझ्याकडून कपाशीवरचं औषध विचारून नेतात, ते आता मला औषध सांगू लागले. एकजण म्हणाला व्हायरस आहे. दुसरा म्हणाला वायरिंग जुनं आहे. मारवडचा एक म्हातारा बाबा कोपऱ्यात तंबाखू मळत ऐकत होता. तो म्हणाला, “शेठ, दुपारले मानूस तपी जास, तो तं यंत्र शे.” सगळे हसले. मीही हसलो.

आमच्या अमळनेरात 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कार्य म्हणजे काय, कारण म्हणजे काय, एकावरून दुसऱ्याचं अनुमान कसं काढायचं, असल्या गोष्टींची इथे रीतसर चर्चा झालेली आहे. इतकं असून गावात एकाही माणसाला ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे पटत नाही. शेतकरी एकाच टाकीत तीन औषधं कालवून कपाशीवर मारतो. कीड गेली तर कशाने गेली ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिन्ही घेऊन जातो. दुकानदार म्हणून माझी त्याला हरकत नाही. पण भाचा ड्रायव्हर, बायोस आणि विंडोज असं आतलं सगळं सॉफ्टवेअर एका दमात बदलायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

ठरलं की आधी रॅम. मेमटेस्ट हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर घेतलं आणि रात्री लावून झोपलो. सकाळी पडद्यावर हिरवा ‘पास’. म्हणजे रॅम निर्दोष. मग एसएमपीएस, मग हार्ड डिस्क. जे तपासायचं ते रात्री, दुकान बंद करून, जेवण झाल्यावर. कॉम्प्युटर रात्री एकदाही पडला नाही. डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोट दुखायचं थांबावं तशातली गत.

गाठ सोडवली ती नानांच्या कॅलेंडरने. गाड्यांचा काही मेळ लागेना. पहाटेच्या गाडीला कॉम्प्युटर भीक घालत नव्हता. पण पडल्याच्या सगळ्या वेळा एकाखाली एक लिहिल्या तर त्या दुपारी एक ते पाचमध्ये बसत होत्या. नाना हिरमुसले. मला मात्र मारवडचे बाबा आठवले.

इथे जरा हिशेब मांडतो. प्रोसेसरचा कूलर म्हणजे काही फ्रीज नव्हे. तो आतली उष्णता खोलीत फेकतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. माहिती देणारे सगळे व्हिडिओवाले बावीस अंशांच्या खोलीत बसून सांगतात की गेम खेळताना सत्तर अंश म्हणजे झकास. म्हणजे खोलीच्या वर अठ्ठेचाळीस. आमच्याकडे बाहेर 45 असतं तेव्हा वरच्या मजल्यावरची पत्र्याखालची खोली 42 च्या खाली येत नाही. बेचाळीस अधिक अठ्ठेचाळीस, नव्वद. आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा नव्वदच आहे. तिथे पोचला की तो स्वतःहून वेग कमी करतो. एसएमपीएसवर छापलेले वॅटसुद्धा चाळीस किंवा पन्नास अंश धरूनच मोजलेले असतात, आणि पेटीच्या आत पन्नास व्हायला आमच्याकडे कष्ट पडत नाहीत. खान्देशात ‘रूम टेंपरेचर’ हा ऋतूप्रमाणे बदलणारा प्रकार आहे, हे त्या व्हिडिओवाल्यांना कोणी कळवलेलं नाही.

मेमटेस्ट पुन्हा लावलं, या वेळी भर दुपारी दोनला. तासाभरात लाल ओळींची रांग. रात्री निर्दोष सुटलेला आरोपी दिवसा सापडला. एक्सएमपी या वेग वाढवायच्या सोयीने रॅम 3200 च्या वेगाने पळत होती. ती 2933 वर आणली आणि थिजणं बंद झालं. गेम किंचित मंदावला असेल. मला फरक दिसला नाही, भाच्याला दिसतो म्हणे.

मग सफाई. बाजूचं झाकण काढलं तर जाळीवर धूळ आणि सरकीच्या बोंडांची म्हातारी यांची एक गादीच बसली होती. जिनिंगच्या वाऱ्याला घर असलं की ती फुकट मिळते. पेटी रिक्षात घालून पंक्चरवाल्याकडे नेली. त्याला आधी हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढून टाकायला लावलं, मग हवा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं लागतं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. मी एकेक पातं धरत होतो आणि तो माझ्याकडे दयेने बघत होता. काळा लोट उठला. “याच्यात ट्यूब नाही?” त्याने विचारलं. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी, वाळून खडी झालेली पेस्ट पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. पाच-सहा अंश उतरले.

उरला काळा पडदा. तो पडायचा तेव्हा खोलीतला ट्यूबलाईट डोळा मिटून उघडायचा, हे सौ.च्या लक्षात आलं. मी त्या वेळी पडद्याकडे बघत असतो. शेजारच्या बोअरची मोटार सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर बसायचं. एसएमपीएस साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरतो, त्यापुढे सोडून देतो. आमचा इन्व्हर्टर होता, कॉम्प्युटर त्याच्यावरच होता, तरी हे चाललं होतं. कारण इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बारकं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस. ज्या वायरमनने तो बसवला त्याने ते नॉर्मलवर ठेवलं होतं. नॉर्मलवर तो लाईटीपंख्यांपुरता सावकाश बॅटरीवर जातो, यूपीएसवर चटकन. कोळ्याचं जाळं बाजूला करून ते बटण सरकवलं. काळा पडदा गेला तो गेलाच.

राहता राहिला उन्हाळा. खोलीत कुलर लावावा तर त्याची ओली हवा पेटीत नको. शेवटी मी एसीचं नाव काढलं. सौ. म्हणाली, “म्हणजे माणसांना कुलर आणि कॉम्प्युटरला एसी?” या प्रश्नाला उत्तर नसतं, हप्ते असतात.

एसी बसला. प्रोसेसर भर दुपारी चौऱ्याहत्तरवर, अगदी व्हिडिओत दाखवतात तसा. पण जेवण झालं की नाना उशी घेऊन वर येतात. त्यांच्यामागे आई, मग पोरं, मग सौ. पडदे ओढले जातात. एक ते पाच खोलीत पाय ठेवायला जागा नसते. कीबोर्डची टकटक चालत नाही, स्क्रीनचा उजेड नानांच्या डोळ्यावर येतो, आणि पेटीतले रंगीत दिवे बघून आईला झोप लागत नाही, म्हणून ती मेनमधूनच बटण बंद करते. मी खेळतो रात्री अकरानंतर. तेव्हा तो उत्तम चालतो.