'पुरावा दाखवा' म्हणालात, म्हणून हे लांबलेलं उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट आधी एका मधल्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा, साइटला आपल्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. पैसे भरून घेतलेल्या अशा व्हीपीएनमुळेही माणूस इंटरनेटवर निनावी होत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते मी उंटावरून शेळ्या हाकतेय आणि लोकांना उघड्यावर टाकतेय. तुमच्या कंपनीचं 'नो लॉग्ज' (ग्राहकाच्या वापराच्या नोंदी न ठेवण्याचं) धोरण आहे, त्याचं ऑडिट झालंय, रिव्ह्यू साइट्सवर ती पहिल्या तिनात असते. मग उलट बाजूने माझ्याकडे पुरावा काय? जाता जाता तीन प्रश्नही विचारलेत: टॉर (ओळख लपवण्यासाठीचं फुकट नेटवर्क) तरी चालेल का, कॅफेतल्या फुकट वायफायवर लोकांनी काय करायचं, आणि पुढच्या महिन्यात संपणारं दोन वर्षांचं पॅकेज पुन्हा भरायचं का.

पुरावा मागितलात ते बरं केलंत. या धंद्यात दाव्यांना तोटा नाही, पण त्यांची खरी परीक्षा होते ती कंपनीच्या दारात समन्स किंवा पोलीस आल्यावरच. तेव्हा कोर्टाच्या कागदांपासूनच सुरुवात करू.

ऑक्टोबर २०१७. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एफबीआयने एका तरुणाला अटक केली. एकेकाळी त्याच्यासोबत एकाच घरात राहणाऱ्या मुलीचा त्याने ऑनलाइन अमानुष छळ चालवला होता. टॉर, व्हीपीएन, निनावी ईमेल, सगळं वापरून. तो पकडला गेला ते उत्तमच झालं, पुढे साडेसतरा वर्षांची शिक्षाही झाली. आपल्या कामाचा भाग आहे तो एफबीआयच्या प्रतिज्ञापत्रात. त्याने प्युअरव्हीपीएन वापरलं होतं, आणि ही कंपनी 'आम्ही लॉग ठेवत नाही' असंच सांगत असे. तरी तिच्याच नोंदींवरून तपासयंत्रणेला कळलं, की एकच ग्राहक दोन मूळ आयपी पत्त्यांवरून (आयपी म्हणजे इंटरनेट जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक) येत होता. एक त्याच्या राहत्या घराचा, दुसरा तो नोकरी करत होता त्या सॉफ्टवेअर कंपनीचा.

कंपनी धडधडीत खोटं बोलली का? तिचा बचाव असा होता, की तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे आम्ही नोंदवत नाही. कोण, कधी, कुठून जोडलं गेलं एवढंच ठेवतो. म्हणजे 'लॉग' म्हटल्यावर ग्राहकाच्या डोक्यात एक गोष्ट आणि कंपनीच्या धोरणात दुसरी. आणि माणूस शोधून काढायला ती 'एवढंच'वाली नोंद पुरते. वेळ आणि आयपी हाती आले की बाकीचं पोलीस जुळवतात.

याच प्रतिज्ञापत्रातला आणखी एक तपशील मला फार बोलका वाटतो. अटकेच्या काही महिने आधी या पठ्ठ्याने आयपीव्हॅनिश नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या 'झिरो लॉग'च्या जाहिरातीला ट्विटरवर टोला हाणला होता: लॉग न ठेवणारं व्हीपीएन अस्तित्वातच नाही, तुमची जोडणी मोजता येते किंवा डेटा मोजता येतो, म्हणजे नोंद आहेच. तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच आयपीव्हॅनिशने २०१६ मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याला एका ग्राहकाची माहिती दिली होती, हे २०१८ मध्ये कोर्टाच्या कागदांतूनच बाहेर आलं. मालक बदलले आहेत, ते जुन्या व्यवस्थापनाच्या काळातलं, असा खुलासा मग झाला.

आता तुमच्या बाजूचाही पुरावा देते, कारण तो आहे. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनमध्ये गोटेबर्गला मुलवाड कंपनीच्या कार्यालयात पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले आणि हात हलवत परत गेले. ग्राहकांची माहिती ठेवलेलीच नव्हती. तिथे खातं उघडताना नाव-ईमेल विचारत नाहीत, एक क्रमांक मिळतो. पाकिटात रोख नोटा घालून पाठवल्या तरी चालतात. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसकडेही २०१६ आणि २०१८ च्या अमेरिकन खटल्यांत द्यायला काही निघालं नाही. म्हणजे शब्द पाळणाऱ्या कंपन्या आहेत. पैसे भरताना मात्र पाळणारी आणि न पाळणारी, दोघींची जाहिरात सारखीच दिसते.

ऑडिटचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण ठरलेल्या दिवशी, दाखवलेल्या सर्व्हरवर, दाखवलेली मांडणी धोरणाशी जुळते का, एवढंच ते सांगतं. अहवाल उघडून 'आम्ही काय तपासलं' हा भाग वाचा. बहुतेक ग्राहक शेवटची ओळ वाचतात, तीही कंपनीच्या ब्लॉगवर.

रिव्ह्यू साइट्सबद्दल मात्र मला मुळीच मवाळ लिहिता येणार नाही. केप टेक्नॉलॉजीज ही कंपनी पूर्वी क्रॉसरायडर नावाने ओळखली जायची, आणि ब्राउझरमध्ये जाहिराती घुसडणाऱ्या सॉफ्टवेअरशी ते नाव जोडलं गेलं होतं. नाव बदललं. २०१७ मध्ये सायबरघोस्ट घेतलं, २०१९ मध्ये वर उल्लेख केलेलं प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस, आणि २०२१ मध्ये ९३.६ कोटी डॉलरला एक्सप्रेसव्हीपीएन. त्याच २०२१ मध्ये व्हीपीएनमेंटॉर ही रिव्ह्यू साइट चालवणारी कंपनीही घेतली. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरातले झाल्यावर पहिल्या तिनात कोण येणार? आणि ज्या साइट्स कुणाच्या मालकीच्या नाहीत त्यांतल्याही बऱ्याच जणांना, तुम्ही त्यांच्या दुव्यावरून वर्गणी भरलीत की कमिशन मिळतं. यूट्यूबवरच्या त्या 'आजच्या व्हिडिओचे प्रायोजक' मंडळींचंही तेच.

कुंपणानेच शेत खाल्ल्याचं उदाहरण हवं असेल तर ओनाव्हो. २०१३ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. 'तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो' असं सांगणारं तिचं व्हीपीएन ॲप लोक कुठली ॲप किती वापरतात ते फेसबुकला पुरवत होतं. ॲपलने २०१८ मध्ये ते काढायला लावलं, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने मेटाच्या (फेसबुक कंपनीचं नवं नाव) उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हे फुकटातलं ॲप होतं, तुमचं पैशाचं आहे, मान्य. पण व्हीपीएनवाल्याला किती दिसू शकतं याचा अंदाज यावा.

भारतापुरतं बोलायचं तर आणखी एक भानगड आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी, वापरण्याचा हेतू, हे सगळं ५ वर्षं जपून ठेवायचं. ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळलं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी इथले सर्व्हर गुंडाळले. तुमच्या ॲपमध्ये 'इंडिया' निवडल्यावर भारतीय आयपी मिळत असेल, पण यंत्र बहुधा सिंगापुरात किंवा आणखी कुठे तरी असतं. आणि एखाद्या कंपनीचं यंत्र खरंच मुंबईत असेल, तर ती निर्देश पाळते का, हे तिला विचारायला हवं.

पण समजा, तुमची कंपनी अगदी मुलवाडसारखी सचोटीची निघाली. तरी माझं मूळ म्हणणं तसंच राहतं. तुमचाच फोन हातात घ्या. व्हीपीएन चालू करा, ॲमस्टरडॅम निवडा. आता नकाशा उघडा. निळा ठिपका कोथरूडलाच दिसेल, कारण जीपीएसला तुमच्या आयपीशी देणंघेणं नाही. जीमेल तुमच्याच नावाने उघडेल. खरेदीच्या ॲपला मोबाइल नंबर ठाऊक आहे, आणि तो केवायसी होऊन मिळालेल्या सिमचा आहे. अँड्रॉइडचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले तुमचा फोन ज्यावरून ओळखतात तो क्रमांक, जसाच्या तसा. लॉगिन केलं नाही तरी ब्राउझरची ठेवण, फॉन्ट, स्क्रीनचा आकार यांवरून ओळख पटते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४.७ लाख ब्राउझर तपासले, त्यांतल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला. तुमचा माग काढून पैसे कमावणाऱ्यांना आयपी हा अनेक धाग्यांपैकी एक. तो बदलायला तुम्ही पैसे मोजताय, बाकीचे धागे तुम्ही स्वतःच हातात देताय.

'मग टॉर तरी?' असंही तुम्ही विचारलंत. टॉर तीन वेगवेगळ्या यंत्रांतून फिरवून नेतं, त्यामुळे एकाच कंपनीवर विसंबावं लागत नाही. रचना म्हणून ते कितीतरी सरस. पण डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटलं नाही. विद्यापीठाच्या वायफायवरून त्या वेळी टॉर कोण वापरत होतं, ही यादी छोटी होती, आणि दारावर टकटक झाल्यावर त्याने कबुली दिली. शिवाय टॉरच्या शेवटच्या यंत्रावर कोण बसलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. २००७ मध्ये एका स्वीडिश संशोधकाने अशी यंत्रं चालवून अनेक देशांच्या वकिलातींचे ईमेल पासवर्ड मिळवले होते, त्यांत भारताच्याही होत्या.

कॅफेतलं वायफाय: बँका, यूपीआय, ईमेल आज सगळं एचटीटीपीएसने, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असं कुलूप लावून, जातं. शेजारच्या टेबलावरच्याला तुमचा पासवर्ड दिसत नाही, फार तर कुठल्या साइटवर गेलात ते कळेल. तेही लपवायचं असेल तर व्हीपीएन खुशाल लावा, तिथे ते काम करतं. तसंच तुमच्या इंटरनेट कंपनीने तुमचं फिरणं पाहू नये यासाठी, किंवा बंद केलेली साइट उघडण्यासाठी. आखातात राहणारे आपले कित्येक लोक घरच्यांशी व्हिडिओ कॉल व्हावा म्हणून ते वापरतात. (जपून, बरं का. आयपी लपवून गुन्हा केल्यास अमिरातीत दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो.) लोकांना मी उघड्यावर टाकलं, हा आरोप मला म्हणूनच पटत नाही. छत्री घेऊ नका असं मी कुठेच लिहिलेलं नाही. पुरात ती कामाची नाही, एवढंच म्हटलंय.

राहिलं तुमचं पॅकेज. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिरात आयडी हटवा, ज्या ॲपना गरज नाही त्यांची लोकेशनची परवानगी काढा, ब्राउझरला एखादा चांगला ॲडब्लॉकर लावा. याला पैसे पडत नाहीत. त्यानंतरही इंटरनेट कंपनीपासून आडोसा हवा वाटला तर भरा, पण दोन वर्षांचं नको, महिन्याचं घ्या, आणि ऑटो-रिन्यू आजच बंद करा. तुमच्या प्रतिक्रियेत कंपनीचं नाव नाही. इथे लिहिलंत तर तिचा मालक कोण आणि ऑडिटमध्ये नेमकं काय तपासलं होतं, ते आपण सगळे मिळून पाहू.