‘४६० सांगितले, ४१२ भरले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमच्या एक-स्टार रिव्ह्यूत तीन तक्रारी आहेत. ४६० सीसी म्हणून घेतलेल्या ड्रायव्हरचं (लांब फटक्याच्या गोल्फ-काठीचं) हेड, म्हणजे चेंडूला मारणारं डोकं, घरी ४१२ सीसी भरलं, लांबी ४५.५ इंचांऐवजी ४३ निघाली आणि १०.५ अंश कोरलेला लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठाचा, मागे झुकलेला कोन) गोल्फ क्लबातल्या गेजवर १२ आला. पहिल्या दोन्हींत गडबड मोजण्यात झाली आहे. तिसरी तक्रार रास्त आहे, आणि तिथे चूक आमची आहे.

फोटोंत दिसतं त्यानुसार तुम्ही बादली काठोकाठ भरली, हेड दाबून बुडवलं आणि परातीत सांडलेलं पाणी मापाच्या कपाने मोजलं. अडचण अशी की भरलेल्या बादलीतलं पाणी लगेच सांडत नाही, आधी काठाच्या वर फुगतं. बादलीचं तोंड २५ सेंमीचं धरलं, तर पाणी नुसतं १ मिमी फुगलं तरी ४९ सीसी आतच राहतं. तुमची तूट ४८ची आहे! बादलीला बाहेरून चिकटलेलं आणि परातीत उरलेलं पाणी वेगळंच.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातला ५ किलोचा, एकेक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर २२ सेंमी व्यासाचा गोल प्लास्टिकचा टब ठेवून १० सेंमी पाणी भरा आणि काटा शून्यावर आणा. (शून्य केल्याने काट्याची ताकद वाढत नाही, टब, पाणी आणि हेडचे ४६० मिळून ५ किलोच्या आत राहिले पाहिजेत. इथे राहतात.) ड्रायव्हर शाफ्टला (दांड्याला) धरून, सोल (हेडचा तळ) सपाट ठेवून, हॉझल (शाफ्ट बसतो ती नळी) क्राउनला (हेडच्या वरच्या भागाला) मिळतं तिथपर्यंत बुडवा. टबाच्या तळाला किंवा भिंतीला हेड टेकता कामा नये. टेकलं की आकडा खोटा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके सीसी. हेड जेमतेम २०० ग्रॅमचं, त्यामुळे ते तरंगायला बघतं. ते खाली धरायला सुमारे २६० ग्रॅमचा जोर लागतो, पण काटा बाजूला सारलेल्या पाण्याचं पूर्ण वजन दाखवतो. सोलच्या खाचेत बुडबुडा अडकला तर आकडा फुगतो, म्हणून हेड पाण्यात एकदा हलवून घ्या. याच मॉडेलचं दुसरं हेड आमच्याकडे असं मोजलं, ४५७ भरलं.

म्हणजे ४६० नाहीच ना, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमात २००४ पासून ४६० ही कमाल मर्यादा आहे, वर मोजमापाची सूट १० सीसी. जाहिरातीतला ‘४६०’ बहुतेकदा हेडचा वर्ग सांगतो, त्या नगाचं माप नव्हे. तीन-चार सीसीने चेंडू सरळ जाण्यात काही फरक पडत नाही. तिथे हेडमधलं वजन कुठे वाटलंय ते महत्त्वाचं.

लांबीसाठी तुम्ही टेप हॉझलच्या वरच्या कडेला थांबवली. नियमात ड्रायव्हर जमिनीवर टेकवून, सोलला टेकणारं ६० अंशांत कललेलं प्रतल (सपाट पृष्ठ) जमिनीला जिथे छेदतं तिथपासून ग्रिपच्या (मुठीच्या) टोपीपर्यंत मोजतात. राहिलेले अडीच इंच तिथे आहेत.

आता लॉफ्ट. कोरलेला आकडा नाममात्र असतो. तयार हेडमध्ये एखाद्या अंशाचा फरक नेहमीचा, आणि ड्रायव्हरमध्ये तो बरेचदा वरच्या बाजूला असतो. फेसला उभी गोलाई असल्याने गेज मध्यापेक्षा ५ मिमी वर बसलं तरी साधारण १ अंश जास्त दिसतो. पण तुमच्या फोटोत गेज मध्यावर आहे आणि स्लीव्हही (शाफ्ट हेडला जोडणारा, लॉफ्ट बदलता येणारा तुकडा) मूळ खुणेवर, त्यामुळे दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही. आमच्या पानावर हा कोरलेला आकडा ‘अचूक लॉफ्ट’ या मथळ्याखाली छापला होता. तसं छापायला नको होतं. आता तिथे ‘कोरलेला’ आणि ‘मोजलेला’ असे दोन रकाने आहेत. दुसऱ्यात विकायच्या प्रत्येक नगाचं आमच्या गेजवरचं माप येईल.

बिल घेऊन या, किंवा नुसतं हेड पाठवा. कुरिअरचा खर्च आमचा. लॉफ्ट तुमच्यासमोर मोजू. ११.५ च्या वर निघाला तर गेजवर तपासलेलं दुसरं हेड किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल ते. हेड बदललं तर जुन्याच्या वजनाशी जुळणारं शोधून देऊ, कारण २ ग्रॅमच्या फरकानेही स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) एका अंकाने सरकतं. हेड सोडवताना आणि बसवताना सोबत मिळालेला टॉर्क रेंचच (ठरावीक जोरापुढे न आवळणारा पाना) वापरा. साध्या पान्याने स्क्रू जास्त आवळला गेला तर स्लीव्हचे आटे जातात, आणि मग शाफ्टवरची स्लीव्हही बदलावी लागते.