यार्डात अडवून ठेवलेला पिकअप : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, क्रेनवाल्यांच्या बिलांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "रातच्या दोन वाजता वडकीजवळ तुरीनं भरलेला पिकअप बंद पडला, त कलम कोन वाचते? क्रेनवालाही डिझेल जाळूनच येते. पैसे भेटेपर्यंत गाडी ठेवून घेनं त्याचा हक्कच आहे. तुम्ही कास्तकाराले फुकट भांडाले लावता."

यातल्या दोन गोष्टी पूर्ण मान्य. रात्री रस्त्यावर कलमं सांगून काही होत नाही. आणि क्रेनवाल्याला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. आधी रक्कम ठरली नसली तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचं नाही अशा समजुतीनं केलेल्या कामाचा लाभ घेतला की वाजवी मोबदला देणं लागतं. पण वाजवी मोबदला म्हणजे यार्डात गाडी पोचल्यावर सांगितलेला कोणताही आकडा नव्हे. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याशी, म्हणजे 'हक्कच आहे' याच्याशी, मी सहमत नाही.

आधी गाडी कोणाच्या सांगण्यावरून उचलली ते पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. यवतमाळ जिल्ह्यातलं वडकी राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. तिथे १०३३ या महामार्ग मदत क्रमांकाला फोन केला की टोलची क्रेन येते. तिचं काम रस्ता मोकळा करणं, गाडी बाजूला सुरक्षित जागी लावणं. एवढ्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. तिथून हिंगणघाट किंवा पांढरकवड्याच्या गॅरेजला न्यायचं असेल तर तो वेगळा व्यवहार आहे आणि त्याचा दर वेगळा ठरवायचा. पोलिसांच्या सांगण्यावरून उचलली असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ लागतं : दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली, मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा वाहतुकीला धोका झालेली गाडी हलवायची परवानगी त्या हद्दीचा पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि मग टोइंगचा खर्च मालकावर येतो. म्हणून "पोलिसांनी सांगितलं" असं कोणी म्हटलं तर अधिकाऱ्याचं नाव आणि ठाणं विचारा. अचानक बिघडलेली आणि हलवण्याची खटपट चालू असलेली गाडी रस्ता अडवल्याच्या कलम २०१ च्या दंडातून वगळलेली आहे, हेही लक्षात असू द्या.

तिसरा प्रकार खासगी क्रेनचा, आणि बहुतेक वाद इथेच होतात. साखळी लावण्याआधी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून पाच गोष्टी विचारा : येण्याचे किती, उचलण्याचे किती, किलोमीटरला किती, परतीची रिकामी फेरी धरली आहे का, आणि यार्डात ठेवली तर दिवसाचे किती. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "हो" घ्या. याला दोन मिनिटं लागतात आणि भांडण लागत नाही. मग गाडीच्या चारही बाजू, काचा, मीटरचं रीडिंग, बॅटरी, स्टेपनी, जॅक आणि मोजून पोती यांचे फोटो काढा.

याच वेळी उचलायची पद्धतही बघा, कारण टोइंगपेक्षा मोठं बिल नंतर गिअरबॉक्सचं येतं. पिकअप मागच्या चाकांवर चालतो. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरू दिली की गाडी न्यूट्रलला असली तरी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवत राहतो. इंजिन बंद असल्यानं खालचा शाफ्ट थांबलेला असतो, तो ऑइल वर उडवत नाही, आणि वरची बेअरिंग कोरडी फिरून जळतात. लांब न्यायचं असेल तर सपाट पाट्याच्या गाडीवर चढवा. तशी मिळत नसेल तर डिफरन्शियलकडचे (मागच्या चाकांमधल्या गोळ्याकडचे) बोल्ट काढून शाफ्ट सोडवायला सांगा. सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) रंगाची एक खूण करा, नाहीतर परत बसवताना तोल बिघडून गाडी थरथरते. सुटलेला शाफ्ट चेसीला तारेनं घट्ट बांधायचा. साखळी टाय रॉडला, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याला, कधीच लावू देऊ नका, तो वाकला की स्टिअरिंग ओढतं. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये हवा उतरली की मागची चाकं जाम होतात. हवा न भरता ओढला तर टायर एका जागी घासून सपाट होतात.

आता तुमचा 'हक्क'. करार कायद्याचं कलम १७० ज्या मालावर मेहनत किंवा कौशल्याचं काम केलं, तो माल त्याच कामाच्या पैशापुरता अडवायची मुभा देतं. गॅरेजनं इंजिन दुरुस्त केलं तर त्या दुरुस्तीच्या बिलापुरता पिकअप थांबवता येतो. क्रेनवाल्यालाही अडवायचंच तर फार तर त्याच फेरीच्या वाजवी बिलापुरतं. मागच्या हंगामातल्या ट्रॅक्टरची उधारी बाकी आहे म्हणून आजचा पिकअप अडवता येत नाही, तसा वेगळा करार असल्याशिवाय. आणि तुरीच्या पोत्यांवर तर कोणीच काम केलेलं नाही, त्यामुळे माल आणि कागदपत्रं आधी मागा.

तरी अडवलंच, आणि बाजार समितीत माल पोचवायचा आहे? तर पैसे द्या आणि गाडी सोडवा. फक्त रोख देऊ नका. यूपीआयनं द्या आणि लगेच संदेश पाठवा : "ठरलेली रक्कम इतकी, मागितलेली इतकी, जास्तीच्या रकमेवर आक्षेप ठेवून देत आहे." पावती मागा. पावती नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. पोलीस ठाण्यातही जा; ते "दिवाणी बाब, आमचं काम नाही" म्हणाले तरी लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत आहे आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. धंद्याची गाडी म्हणून अर्ज फेटाळावा असं समोरचा म्हणेल. गाडी स्वतः चालवून त्यावरच पोट भरत असाल तर अर्जात ते पहिल्याच परिच्छेदात लिहा, कारण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर कायदा व्यापारी धरत नाही.

अपघाताची गोष्ट वेगळी. तपासणीसाठी गाडी दुसरीकडे नेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे सोपस्कार पुरे झाल्यावर २४ तासांत परत द्यायची असते. गुन्ह्यात जप्त झाली तर न्यायालयात सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला चालू असताना हमी लिहून देऊन, मागा. गाड्या ठाण्याच्या आवारात सडू देऊ नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलं आहे. विम्याकडून मात्र फार अपेक्षा नको : नेहमीच्या पॉलिसीत मालवाहू गाडीला टोइंगचे एका अपघातामागे २,५०० रुपयांपर्यंतच मिळतात, आणि तुम्ही सांगितलेल्या बिघाडात तर तेही नाहीत. त्यासाठी रस्त्यावरच्या मदतीचं जोडकलम वेगळं घ्यावं लागतं.