हरूनच शिकतात, सर, पण समोर कुणीतरी हवं

नमस्कार सर,

नवे खेळाडू बुद्धिबळाच्या साइटवर येतात आणि दोन दिवसांत नाहीसे का होतात, या माझ्या लेखावर तुम्ही निपाणीहून पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. नवख्यांचे पहिले दहा डाव रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, न दाखवता खेळू द्यावेत, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हे नुसते लाड आहेत. तुम्ही चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळताय, तुम्हाला कुणी कच्चा लिंबू केलं नाही, हरून हरूनच शिकलात. ज्याला हार सोसत नाही त्याने पटावर बसू नये. साइट वाढवायची तर बक्षिसं ठेवा, आणि या कच्च्या मंडळींमुळे जुन्यांचा खेळ बिघडतो, असंही तुम्ही लिहिलंय.

हरूनच शिकतात, हे मला पूर्ण मान्य आहे. मीही तसाच शिकलो. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत करंट गेला की यंत्रमाग थांबायचे आणि कट्ट्यावर पट मांडला जायचा. नववीत असताना अख्खा पावसाळा मी तिथल्या एका मामांकडून हरत होतो. पण मात झाली की मामा सोंगट्या लगेच गोळा करायचे नाहीत. चार चाली मागे न्यायचे. “हितं घोडा काढलास बघ, तितंच डाव गेला,” म्हणत तो घोडा उचलून परत जागेवर ठेवायचे आणि ‘आता खेळ’ म्हणायचे. शेजारी बसलेला कुणीतरी म्हणायचा, गेल्या खेपेपेक्षा बरा टिकला की पोरगा. दुसऱ्या दिवशी करंट जायची मी वाट बघायचो.

तुम्ही हरत होतात तेव्हाही समोर असा कुणीतरी असणारच, सर. स्क्रीनवर तो नसतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, आणि माझ्या भाचीच्या वर्गातल्या मुलींना बुद्धिबळाचं वेड लागलं. भाची अकरा वर्षांची, मराठी शाळेत जाते. एका मोठ्या साइटवर तिने खातं उघडलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पहिल्या डावात तिसऱ्या मिनिटाला मात, आणि लाल अक्षरांत खाली गेलेला आकडा. दुसऱ्या डावातही तेच. तिसऱ्यात ती एका हत्तीने पुढे होती, तर समोरचा डाव न सोडताच निघून गेला आणि ती त्याचं घड्याळ संपायची वाट बघत बसली. मग मला म्हणाली, “मामा, मगाशी चुकलं कुठं, ते कोण सांगतंय की?” कॉम्प्युटरचं विश्लेषण होतं, नाही असं नाही. पण ‘उणे २.३’ या आकड्यावरून त्या मुलीने काय समजायचं? तिला मामांचा तो उचलून परत ठेवलेला घोडा हवा होता. त्या रात्रीनंतर ती तिथे गेली नाही.

त्या लाल आकड्यामागचं गणित चुकीचं नाही. आर्पाद एलो यांची रेटिंग काढायची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. लिचेससारख्या साइट आज मार्क ग्लिकमन यांची ग्लिको-२ पद्धत वापरतात. लिचेसवर नवा माणूस १५०० वर सुरू होतो, आणि त्याच्या ताकदीची खात्री नसल्यामुळे सुरुवातीच्या प्रत्येक निकालाला आकडा मोठी उडी घेतो. काही डावांत तो आपल्या जागी पोचतो, पण कालच नियम शिकलेल्याला तोवर बरेच मुरलेले लोक भेटलेले असतात आणि आपण घसरतोय एवढंच त्याला दिसतं. चेस डॉट कॉमवर खातं उघडतानाच तुम्ही नवखे की अनुभवी असं विचारतात आणि त्याप्रमाणे सुरुवातीचा आकडा देतात. मला ही रीत जास्त पटते. आम्ही तिघं चालवतो त्या छोट्या साइटवर हिशोब पहिल्या डावापासून आत चालूच असतो. दहा डाव तो खेळाडूच्या तोंडावर मारायचा नाही, इतकंच.

आणि कच्चा लिंबू करण्यात कमीपणा कसला? लपाछपीत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू ठरवलं की त्याच्यावर राज्य येत नसे, पण लपायचा तो सगळ्यांबरोबरच. दोन उन्हाळ्यांत पक्का व्हायचा.

प्रत्येक नवखा लहान असतो असंही नाही. खानापूरकडचे साठीचे एक काका आमच्याकडे आले. पहिल्याच डावात त्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला. राजा परत जागेवर. पुन्हा उडवला, पुन्हा परत. मोबाईल बिघडला म्हणून त्यांनी तो मुलाकडे दिला. काका देशी बुद्धिबळात वाढलेले. त्यात शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, आणि प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. जुन्या काळचे नामांकित बुद्धिबळपटू मीर सुलतान खानही देशी नियमांवरच शिकले होते. नंतर आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात करून १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश विजेते झाले. म्हणजे काकांना खेळ येत नव्हता असं मुळीच नाही. आमच्या साइटने त्यांना एक ओळसुद्धा सांगितली नव्हती, आणि ही चूक आमची होती. आता कुणी राजा तसा उडवला की ओळ येते: ‘इथे राजाला घोड्याची चाल नाही, किल्लेकोट आहे’, आणि राजा-हत्ती हलून दाखवतात. ती ओळ मराठीत आहे तशी कन्नडमध्येही. आपल्याकडे एकाच गल्लीत दोन्ही भाषांची पोरं खेळतात. आपला उंट त्यांचाही ‘ओंटे’च आहे, वजिराला ते ‘मंत्री’ म्हणतात. ‘बिशप’ दोघांनाही परका.

आता जुन्यांचा खेळ बिघडण्याबद्दल. तुमची ही तक्रार खरी आहे. ताकदीत फार फरक असेल तर दोघंही कंटाळतात. गो या खेळात यावर जुना तोडगा आहे: कच्च्या खेळाडूला पटावर आधीच दोन ते नऊ सोंगट्या मांडून देतात आणि डाव बरोबरीचा होतो. आपले जुने खेळाडूही हत्ती किंवा वजीर काढून खेळायचे. तुम्ही नवख्याशी वजिराशिवाय खेळून बघा सर, घाम फुटेल असे डाव होतात.

बक्षिसांचं मला पटत नाही. बक्षिसासाठी आलेला माणूस बक्षीस वाटून झालं की जातो. शिवाय पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केलाय, खेळ कौशल्याचा असला तरी. त्या वाटेला आम्ही जाणार नाही.

छोट्या साइटला हारण्यापेक्षा जास्त मारतो तो रिकामा पट. नवा माणूस दुपारी तीनला येतो, ‘खेळाडू शोधत आहोत’ ही पाटी पाच मिनिटं बघतो आणि जातो. आठवडी बाजाराला ठरलेला वार का असतो? सगळे एकाच दिवशी आले तरच विकणाऱ्याला गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाला माल मिळतो. म्हणून आम्ही शनिवारी रात्री साडेआठ ही वेळ धरलीय. इतर दिवशी पत्रातल्या बुद्धिबळासारखे संथ डाव, एका चालीला तीन दिवस. कणकुंबी-जांबोटीकडे पावसात रेंज जाते. तिथल्या पोरांनी चांगले डाव निव्वळ घड्याळावर घालवलेत, त्यांना याचा मोठा आधार झाला.

दर शनिवारी दोन-तीन जुने खेळाडू स्वतः न खेळता नवख्यांचे डाव बघतात आणि संपल्यावर चार चाली मागे नेऊन दाखवतात. फोनवर बोलता येतं, मराठीत किंवा कन्नडमध्ये. भाची आता तिथे येते. अजून बहुतेक डाव हरतेच.

या शनिवारी तुम्ही त्या कामाला याल का? तुम्हाला पटावर बसवायची जबाबदारी माझी. तिचा उंट दर डावात तिच्याच प्याद्यांमागे अडकतो, आणि माझं सांगणं तिला पटत नाही.